बेळगावात नवं बिऱ्हाड थाटलंय? मग आठवड्याचा बाजार बजेटात असा बसवा

लग्न होऊन वेगळं राहायला लागलेली जोडपी, खानापूर-चंदगडकडनं नोकरीसाठी येऊन अनगोळ-वडगावात खोली घेतलेली मंडळी, बदली होऊन आलेली कुटुंबं, सगळ्यांकडून एकच ऐकायला मिळतंय. पगार झाला की पंधरा तारखेपर्यंत सगळं झकास, आणि नंतर मेथीची पेंडी घ्यायला पण हात आखडतोय. मग कुणीतरी सांगतंय खर्च कमी करा, बाहेरचं खाणं बंद करा. ते ठीक आहे हो, पण बहुतेक घरात खर्च फार असतो असं नसतंय, पैसे एकाच पाकिटातून जात असतात ही खरी भानगड असते.

आपल्या भागात घरात येणारं सामान तीन जातीचं. सालाचं, महिन्याचं आणि आठवड्याचं. तांदूळ, जोंधळा, मसूर, चटणीची मिरची हे सालाचं, सुगीला येणारं. तेल, साखर, चहा पावडर, साबण हे महिन्याचं. भाजी, दूध, अंडी, मटण-मासळी, फळं हे आठवड्याचं. ज्या महिन्यात तांदळाचं पोतं घेतलं त्या महिन्यात भाजीला पैसे उरत नाहीत आणि ज्या महिन्यात नाही घेतलं त्या महिन्यात उगाच वाटतंय की लई पैसे शिल्लक आहेत, मग ते कुठंतरी उडतात. एवढी एक गोष्ट सुटी केली तरी निम्मं काम झालं समजा. बाकीचं कसं करायचं ते खाली सांगतो, जमेल तेवढं करा, सगळं एकदम पहिल्याच महिन्यात जमवायला जाऊ नका.

आधी एक महिना नुसतं लिहा

काटकसर नको, बदल नको, जसं चाललंय तसं चालू दे, फक्त लिहायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा रतीब लिहितोच आपण, त्याच चौकोनात दिवसभराचा घरखर्चाचा आकडा टाकला तरी चालतंय. मोबाईलमध्ये ॲप टाकणारे टाकू देत, पण घरातली सगळी माणसं खरेदी करत असतील तर भिंतीवरचं कॅलेंडर बरं, कारण ते सगळ्यांना दिसतंय आणि सासूबाई पण लिहू शकतात. फोनपे-गुगलपेची हिस्ट्री महिन्याच्या शेवटी बघितली तरी बरंच कळतंय, पण त्यात दुकानाचं नाव असतंय, काय घेतलं ते नसतंय. त्याच दुकानातनं तेल पण आणलेलं असतंय आणि चॉकलेट पण.

लिहिताना आकड्यापुढं एक अक्षर टाका. सा, म, आ. म्हणजे सालाचं, महिन्याचं, आठवड्याचं. महिना संपला की तिन्हीची बेरीज वेगवेगळी करा. इथंच पहिल्यांदा डोळे उघडतात, कारण आपल्याला वाटत असतंय भाजी महाग झाली आणि वहीत दिसतंय भलतंच, बेकरीतली खारी-टोस्ट नाहीतर संध्याकाळचं भडंग-फरसाण.

तीन पाकिटं, आणि भागाकार 52 नं

आता एक नमुना हिशेब धरू. चार माणसांचं घर, दोन मोठी, दोन शाळेत जाणारी पोरं, आणि खाण्यापिण्याला महिना 12,000 रुपये काढता येतात. तुमचा आकडा कमी-जास्त असेल, पद्धत तीच.

त्यातले 2,500 सालाच्या पाकिटात. 3,500 महिन्याच्या किराणाला. राहिले 6,000, हे आठवड्याच्या बाजाराचे. आता बहुतेक लोक काय करतात, 6,000 भागिले चार करून आठवड्याला 1,500 धरतात. इथंच घोळ होतोय. महिना चार आठवड्यांचा नसतोय ओ, वर्षाचे आठवडे 52. आठवड्याला 1,500 प्रमाणे वर्षाला 78,000 जातात आणि आपण बाजूला काढलेले असतात 72,000. म्हणजे 6,000 रुपयांचा खड्डा, एक अख्ख्या महिन्याचा भाजी-दुधाचा पैसा. वर्षात चार महिने, कधी पाच, असे येतात की त्यात पाच शनिवार असतात, आणि त्याच महिन्यात सगळे म्हणतात या महिन्यात काय झालं कळेना. तर 72,000 भागिले 52 करा, येतात साधारण 1,380. हा तुमच्या आठवड्याचा खरा आकडा.

या 1,380 मधले दुधाला किती? रोज दीड लिटर आणि लिटरला 50 रुपये धरले तर आठवड्याला 525. दुधाचं बिल महिन्याला द्यायचं असलं तरी दर आठवड्याला तेवढे बाजूला काढायचेच, नाहीतर एक तारखेला गवळी दारात उभा आणि आपण पाकिटं चाचपतोय. भाजीला 350, मटण-चिकन-मासळी-अंडी मिळून 300, फळांना 100, आणि 105 किरकोळ, त्यात नारळ, पाव, चुरमुरे असलं काय काय बसतंय. शाकाहारी घर असेल तर ते 300 ताक-दही-पनीर आणि कडधान्यात जातात, शिल्लक राहतात असं समजू नका.

पाकिटं म्हणजे खरोखरची पाकिटंच पाहिजेत असं नाही. रोख वापरणाऱ्यांना पाकीट बरं. यूपीआयवाल्यांनी यूपीआय लाइटमध्ये ठरलेल्या दिवशी आठवड्याचे पैसे भरायचे आणि बाजारात तेवढ्यातनंच द्यायचे, पिन लागत नाही आणि शिल्लक किती ते लगेच दिसतंय. फक्त त्यातलं आपोआप भरायचं सेटिंग बंद ठेवा. ते चालू असलं तर पाकिटाला तळच राहत नाही.

सालाच्या 2,500 ला मात्र हाताशी ठेवू नका. आपल्याकडं पिग्मी, म्हणजे रोज थोडे-थोडे भरायची बचत, गोळा करणारे गल्लोगल्ली फिरतात, त्यात रोजचे 80 रुपये टाकले तरी महिन्याचे 2,400 होतात. भिशी पण चालतंय, फक्त नंबर सुगीच्या आसपास लागेल अशी बोली आधी करून घ्या. दिवाळीला उचललेली भिशी तांदळापर्यंत टिकत नाही, हे कुठल्याही गल्लीत विचारा.

आठवडा शनिवारपासून धरा

कॅलेंडरात आठवडा रविवारी सुरू होवो नाहीतर सोमवारी, बेळगावात बाजाराचा आठवडा शनिवारी सुरू होतोय. आठवडी बाजाराचा वार शनिवार. खानापूरला रविवार, निपाणीला गुरुवार. तुम्ही जिथं राहता तिथल्या बाजाराच्या वाराला तुमचं पाकीट भरा, त्या दिवशी मोठी भाजी घ्या, आणि मधे एकदाच, बुधवारच्या आसपास, पालेभाजीसाठी छोटी फेरी. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं पाव किलो घेणाऱ्याचं बजेट कधीच बसत नाही, कारण रोज बाहेर पडलं की रोज अजून काहीतरी हातात येतंय.

शनिवारी गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्लीच्या बाजूला गर्दी म्हणजे मुंगीला शिरायला वाट नाही. गाडी घेऊन जायचा विचार सोडा. बायकांना कर्नाटकच्या हद्दीत सरकारी साध्या बसमधनं तिकीट लागत नाही, 2023 च्या जूनपासनं शक्ती योजना आहे, कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र तेवढं घेऊन जा. येताना वजन असतंय म्हणून दोघांनी जा, किंवा शेजारणीबरोबर जा आणि येताना रिक्षा निम्मी-निम्मी करा. रिक्षाचे पैसे पण बाजाराच्या पाकिटातनंच धरायचे, हे बरेच लोक विसरतात आणि मग म्हणतात बाजारात स्वस्त पडतंय. पाच रुपये भाजीत वाचवून ऐंशी रुपये रिक्षाला.

वेळेचं गणित साधं. सकाळी माल ताजा, दर चढा. खेड्यातनं बायका बुट्टी घेऊन येतात, येळ्ळूर, कडोली, कंग्राळी, उचगाव असल्या गावातनं, त्यांच्याकडची पालेभाजी पहाटे काढलेली असते. संध्याकाळी तोच माल उतरत्या दरात मिळतोय, आणि पावसाचं वातावरण असलं की आणखी लवकर उतरतोय, कारण भिजलेली मेथी परत घरी नेऊन कुणाला काय करायचं असतंय. म्हणून पालेभाजी, कोथिंबीर सकाळी किंवा दुपारच्या आत, आणि टिकणारं, दोडका, गाजर, कोबी, बीट, नवलकोल, हे संध्याकाळी. दोन फेऱ्या जमत नसतील तर चारच्या सुमारास जा, मधलं काहीतरी मिळतंय.

पहिली फेरी रिकाम्या हातानं मारायची. या टोकापासनं त्या टोकापर्यंत नुसतं विचारत जायचं, “मावशी, कोथिंबीर कशी लावली?” “धाला एक घे की, दोन घेतल्यास पंधरा.” मग परत येताना घ्यायचं. नवीन माणूस पहिल्याच बुट्टीपाशी पिशवी भरतोय आणि वीस पावलांवर तीच ढबू मिरची दहा रुपयांनी कमी दिसला की दिवसभर चुटपुट.

कन्नड येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, बाजारात मराठी चालतंयच, पण तालुक्याच्या पूर्वेकडनं आलेल्या अण्णा-अक्कांकडं चांगला माल असतोय, तेव्हा चार शब्द ठेवा जवळ. एष्टु म्हणजे कितीला. हत्तु दहा, इप्पत्तु वीस, मूवत्तु तीस, नलवत्तु चाळीस, ऐवत्तु पन्नास, नूरु शंभर. काल किलो म्हणजे पाव किलो, मुक्काल म्हणजे पाऊण. एवढ्यावर आठवड्याचा बाजार होतोय आणि अक्का खूश होऊन मूठभर मिरच्या पण जादा टाकते.

घासाघीस किती करायची? माझं मत सांगतो. बुट्टी घेऊन बसलेल्या म्हातारीशी पेंडीमागं दोन रुपयांसाठी भांडून तुमचं बजेट सुधारत नाही. घासाघीस करायची तर जिथं माल मोठा आहे तिथं करा, कांदा-बटाट्याच्या पाच किलोला, आंब्याच्या पेटीला. तिथं एकदम पन्नास-शंभरचा फरक पडतोय.

कांदा, बटाटा, आलं, रताळी यांचे सवाल, म्हणजे लिलाव, एपीएमसी (बाजार समिती) यार्डात बुधवारी आणि शनिवारी होतात आणि त्याचे दर दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, क्विंटलचे. क्विंटलच्या दरातली शेवटची दोन शून्यं काढली की किलोचा घाऊक दर. 2,400 रुपये क्विंटल म्हणजे 24 रुपये किलो. त्याच्यावर वाहतूक, हमाली, नासाडी आणि विकणाऱ्याचा नफा धरून गल्लीत तो 30-35 ला मिळाला तर वाजवी, 50 सांगत असेल तर पुढं चला. हे एक बघायची सवय लागली की कुणी फसवू शकत नाही.

अजून एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते. बेळगावची भाजी रोज चोर्ला घाटातनं गोव्याला जाते, गोव्याचं भाजीपाल्याचं भागतंय ते बरंचसं आपल्यावर. त्यामुळं गणपतीत, नाताळात गोव्याची मागणी वाढली की इथला दर चढतोय, इथं पीक कितीही आलेलं असू दे. चतुर्थीच्या आठवड्यात भेंडी-गवार-बीन्सचा नाद सोडा, त्याच्या आदल्या आठवड्यात दुधी, तांबडा भोपळा, सुरण असलं टिकणारं आणून ठेवा.

कुठल्या महिन्यात काय स्वस्त हे पण डोक्यात ठेवा. थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भाजीची चंगळ. वाटाणा, गाजर, फ्लॉवर, कोबी, पावटा. फ्रिज असेल तर वाटाणा सोलून, गरम पाण्यातनं काढून फ्रीजरमध्ये टाका. पश्चिम भागातला तांबड्या मातीतला बटाटा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतोय आणि रताळी नवरात्राच्या तोंडाला. जून-जुलै-ऑगस्ट हा बजेटाचा वैरी. पावसानं भाजी कुजते, टोमॅटो कुठल्या कुठं जातोय, 2023 च्या जुलैत किलोला शंभराच्या वर गेला होता आठवत असेल. त्या तीन महिन्यांत आमटीला चिंच-आमसूल, आणि भाजीऐवजी आठवड्यातनं तीन वेळा कडधान्य. बेळगावचा मसूर आहे की, येळ्ळूर-शहापूर शिवारातला, बारीक, भिजवायला फार वेळ लागत नाही आणि भाकरीबरोबर भाजी नसली तरी चालतंय.

किराणा महिन्यातनं एकदाच, आणि यादी घेऊनच

रविवार पेठेत घाऊक दुकानं आहेत, तिथं दर बरा पडतोय, पण थोडं-थोडं घेणाऱ्याला फायदा नाही. दोन-तीन घरांनी मिळून जायचं. तेलाचा 15 किलोचा डबा, साखर, शेंगदाणे, पोहे, रवा एकत्र घ्यायचं आणि घरी वाटून घ्यायचं. वाटताना वजनकाटा ठेवा बाबांनो, मैत्री टिकते.

गल्लीतल्या दुकानाला पण सोडू नका. तिथं उधारीची वही चालते आणि अडीनडीला रात्री नऊला पण दार वाजवता येतंय. पण त्या वहीला हद्द घाला, समजा 500. त्याच्या वर गेलं की दुसऱ्या दिवशी भागवायचं. उधारीच्या वहीत दर कुणी विचारत नाही, ही त्यातली मेख.

तेलाकडं नीट बघा. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतंय. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्या सारख्याच फुगीर दिसतात, एकीवर 1 लिटर असतंय आणि दुसरीवर 850 नाहीतर 800 ग्रॅम. दुसरी दहा रुपयांनी स्वस्त दिसते आणि हिशेब केला तर महाग असते. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलीचा दर पण छापलेला असतोय, बारीक अक्षरात, एमआरपीच्या आसपास. तो वाचा, मोठा आकडा वाचू नका. एमआरपीपेक्षा जास्त कुणी मागितले तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतोय. किती तेल लागावं याचा ढोबळ अंदाज माणशी महिना अर्धा लिटर, म्हणजे चार माणसांना दोन. तीन-साडेतीन जात असेल तर तळण कुठल्या दिवशी होतंय ते कॅलेंडरात बघा.

डाळ-तांदूळ सुटं घ्यावं की पाकिटातलं? 2022 च्या जुलैपासनं 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद लेबलवाल्या धान्य-डाळी-पिठावर 5 टक्के जीएसटी लागतोय, सुट्यावर नाही. म्हणूनच दुकानात तांदळाची पिशवी 26 किलोची दिसते, नवीन माणसाला वाटतंय छापायला चुकलं. सुटं घेताना मात्र मूठभर हातात घेऊन बघायचं, खडे, कणी, किडा. तूरडाळ कलबुर्गीकडची चांगली शिजते, दोन रुपये जास्त गेले तरी गॅस वाचतोय.

मॉलमध्ये जायचं तर जेवून जा आणि यादीबाहेरच्या दोनच वस्तू अशी बोली घरातनंच करून जा. साबण, कपड्याची पावडर, टूथपेस्ट असलं तिथं खरंच स्वस्त मिळतंय. भाजी तिथं घेणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही, ज्याची त्याची आवड. दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपचं एवढंच सांगतो, डिलिव्हरी आणि हँडलिंगचे पैसे वेगळे लिहा कॅलेंडरात, महिन्याची बेरीज बघून ॲप ठेवायचं का काढायचं ते ठरवा.

सुगी चुकवू नका

आता सालाचं. इथं सगळ्यात मोठी बचत आहे आणि भाड्याच्या खोलीत राहणारे नेमके हेच करत नाहीत, जागा नाही म्हणतात. दोन क्विंटल नका भरू, पन्नास किलो तरी भरा.

तांदळाचा अंदाज असा काढा. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण 75 ग्रॅम कोरडा तांदूळ. चार माणसं, दोन वेळ, म्हणजे दिवसाला 600 ग्रॅम, महिन्याला 18 किलो, वर्षाला दोन क्विंटलच्या थोडं वर. एक वेळ भाकरी-चपाती असेल तर निम्मा. डिसेंबर-जानेवारीत मळणी झाली की दर खाली असतोय, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडनं घ्या. खानापूर तालुक्यात, येळ्ळूर भागात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंयच, ऑफिसात विचारा नुसतं. भात घेतलं तर क्विंटलमागं साधारण 65 किलो तांदूळ पडतोय, त्यात गिरणीचे पैसे मिळवा आणि मग दुकानातल्या दराशी ताडून बघा. येळ्ळूरचा बासमती पाहुण्यांसाठी, सणासाठी थोडा, रोजला इंद्रायणी नाहीतर सोनामसुरी. नवा तांदूळ चिकट होतोय, भात फुलत नाही, म्हणून निदान दोन-चार महिने जुना होऊ द्या, तोपर्यंतचा वेगळा ठेवा.

ठेवायचं कसं हा खरा प्रश्न, कारण बेळगावचा पावसाळा म्हणजे मीठ सुद्धा पाणी सोडतंय. मे महिन्यात एकदा सगळं धान्य बाहेर काढून सावलीत वारं द्या, डाळी-कडधान्याला कडक ऊन. झाकण घट्ट बसणारं पिंप घ्या, तळाला आणि मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. मसूर-मुगाला एरंडेल चोळून ठेवतात, किलोला चमचाभर पुरे. पिंप जमिनीवर ठेवू नका, खाली विटा नाहीतर फळी. आणि एकाच मोठ्या पिंपापेक्षा दोन लहान बरे, एकात किडा झाला तरी दुसरं वाचतंय.

जोंधळा फेब्रुवारी-मार्चला. मिरची मार्च-एप्रिलला, संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला, कुठली किती हे घरच्या तोंडावर. चटणी डंकावर कुटून आणा, समोर उभं राहून. पाकिटातली चटणी महिन्याला घेणाऱ्यांनी वर्षाचा हिशेब एकदा करून बघावा, मसाला आणि कुटायचे पैसे धरून सुद्धा घरची परवडते आणि चवीचं तर बोलायलाच नको. गूळ थंडीत गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा घ्यायचा, आणि फार पिवळाधमक दिसणाऱ्याच्या मागं लागायचं नाही.

रेशन आणि सरकारी पैसे कुठं धरायचे

बीपीएल किंवा अंत्योदय कार्ड असेल तर रेशनचा तांदूळ सालाच्या हिशेबातनं वजा करा. केंद्राचं धान्य 2023 च्या जानेवारीपासनं फुकट आहे. कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचं मधे बदललं, 2023 च्या जुलैपासनं जादा पाच किलोऐवजी किलोला 34 प्रमाणे माणशी 170 रुपये खात्यात येत होते, 2025 च्या फेब्रुवारीपासनं परत तांदूळच द्यायला लागले. असलं धोरण बदलत राहतंय, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीला रेशन दुकानावरचा फलक वाचूनच हिशेब धरा. कार्ड अजून महाराष्ट्रातलं असेल तरी वन नेशन वन रेशन कार्डमुळं केंद्राच्या वाट्याचं धान्य इथं उचलता येतंय, आधार जोडलेलं पाहिजे. रेशनचा तांदूळ भाताला आवडत नसेल तर आंबोळी, इडली, दोसा, चकलीच्या पिठाला वापरा. विकू मात्र नका, तो गुन्हा आहे.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात येतात. ते आठवड्याच्या पाकिटात धरू नका. हप्ता कुठल्या तारखेला पडेल त्याचा नेम नसतोय, आणि दुधाचं बिल हप्त्याची वाट बघत नाही. आले की सरळ सालाच्या पाकिटात, नाहीतर ज्या बाईच्या नावावर आलेत तिला विचारा, पैसे तिचे आहेत.

आणलेलं संपवायचा क्रम

बाजारातनं आल्यावर त्याच रात्री अर्धा तास काढा. कोथिंबीर निवडून कागदात, मेथी-शेपू-पोकळा देठं काढून कापडी पिशवीत. धुवून ठेवू नका, कुजतंय. मग पहिले दोन दिवस पालेभाजी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वांगी, भेंडी, गवार, दोडका, नंतर कोबी, गाजर, बीट, आणि शेवटचे दोन दिवस कडधान्य, पिठलं, झुणका. शुक्रवारी फ्रिजमध्ये जे काय उरलंय त्या सगळ्याचं मिळून सांबार. आठवड्याचा मेनू कागदावर लिहून फ्रिजला लावायची हौस असेल तर लावा, पण क्रम पाळला तर मेनूची गरज पडत नाही.

मटण, मासळी आणि पाहुणे

300 रुपयांत मटण दर आठवड्याला बसत नाही हे उघड आहे. मग एक आठवडा अंडी आणि थोडं सुकट, त्यातले उरलेले पुढच्या आठवड्याला जोडून मटण, त्याच्या पुढं चिकन. मासळीचं एक लक्षात ठेवा, 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, 61 दिवस, त्या दिवसात कॅम्पातल्या मासळी बाजारात दर ऐकून परत यायचं. सुकी मासळी मे महिन्यातच भरून ठेवा, डब्यात कागद घालून, नाहीतर सगळ्या घराला वास. श्रावणात मांसाहार बंद असणाऱ्या घरात चार आठवड्यांचे 300-300 वाचतात, म्हणजे 1,200. हे पैसे श्रावणातच उपवासाच्या साबुदाण्यात आणि फळात उडवू नका, गणपतीला लागतात. बेळगावचा गणपती अकरा दिवस, घरात माणसांची ये-जा, आरतीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतंय.

आणि गावची यात्रा. ज्या गावाला वर्षानुवर्षांनी लक्ष्मी यात्रा भरते तिथं तर अख्खं पाहुणेमंडळ उतरतंय, जेवणावळी दिवसभर, त्याला आठवड्याचं बजेट काय करणार. यात्रेचं साल आधी ठाऊक असतंय, तेव्हा दीड-दोन वर्षं आधी वेगळी पिग्मी सुरू करा. साध्या, वर्षाच्या यात्रेला मात्र दोन आठवड्यांची पाकिटं एकत्र करून चालतंय, एक आधीचा आठवडा आणि एक नंतरचा, आणि नंतरच्या आठवड्यात घरात आमटी-भात. पोरं कुरकुरतात, पण चार दिवस मटण खाऊन झालेलं असतंय, फार ताणत नाहीत.